सहाचा वर्ग बारा? मुलांना वर्गसंख्यांची ओळख कशी करून द्यायची

इंदूरची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. लेक सहावीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, मैत्रिणींशी हिंदी, घरात मराठी. परवा तिची गणिताची वही उघडली आणि पोटात गोळा आला. तीनचा वर्ग ६, सहाचा वर्ग १२, नऊचा वर्ग १८. दहातली आठ उत्तरं चूक. बरोबर दोनच, दोनचा वर्ग ४ आणि दहाचा वर्ग १००.

रागावले नाही. जवळ बसवून विचारलं, "डोक्यावरचा हा छोटा २ काय सांगतो?" म्हणाली, "दोनदा घ्यायचं." आता यात तिचं चुकलं काय? दोनदाच घ्यायचं असतं. पण घेऊन करायचं काय, हे तिला कोणी दाखवलेलं दिसत नाही. "मग दहाचे शंभर कसे आले?" "ते पाठ आहे."

संध्याकाळी शेजारची तीन मुलं अभ्यासाला आमच्याकडे असतात. त्यांनाही विचारलं. एकानं तीनवर छोटा दोन बघून सरळ "बत्तीस" वाचलं. एकाला सगळे वर्ग तोंडपाठ, पण "छत्तीसच का, पस्तीस का नाही?" म्हटल्यावर गप्प.

मला यांच्याकडून घोकून घ्यायचं नाहीये. सहाचा वर्ग छत्तीस हे त्यांना डोळ्यांपुढे दिसलं पाहिजे. रोज अर्धा तास आणि चार मुलं आहेत. घरातल्या वस्तू वापरून काय करता येईल? सविस्तर लिहा, मी करून बघेन आणि इथे सांगेन.

खडूफळा

ताई, तुमच्या लेकीचं जे उत्तर बरोबर आलंय, दोनचा वर्ग चार, तिथेच घोळ सुरू झालाय. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्यातली पहिली कितीतरी वर्षं हीच चूक केली. फळ्यावर पहिलं उदाहरण दोनचं द्यायचो, सोपं म्हणून. पण शून्य सोडलं तर दोन ही एकच संख्या अशी आहे की जिची दुप्पट आणि वर्ग सारखेच येतात. मूल फार हुशार असतं, पहिल्याच उदाहरणावरून नियम बांधून मोकळं होतं. त्यानं बांधलेला "दुप्पट करा" हा नियम त्या उदाहरणाला तंतोतंत लागू पडतो. मग आपण त्याला चूक म्हणतो.

म्हणून तीनपासून सुरुवात करा. एक आणि दोन शेवटी आणा.

आता काय करायचं ते सांगतो. मूठ-दोन मूठ चिंचोके घ्या. 'वर्ग' हा शब्द काढू नका, तो छोटा २ तर अजिबात लिहू नका. प्रत्येक मुलाला बारा चिंचोके द्या आणि एवढंच सांगा, "यांचा चौरस मांडा." बघा काय होतं ते. कोणीतरी तीन-तीनच्या चार ओळी मांडेल आणि लांबट झालं म्हणून खट्टू होईल. आणि एखादा नक्की पोकळ चौरस मांडेल, चारी बाजूंना चार-चार, मध्ये मोकळं अंगण. बारा चिंचोक्यांत तो बरोबर बसतो! त्याला चूक म्हणू नका. म्हणा, "छान. आता अंगण भर." त्याला आणखी चार लागतील. सोळा झाले. काठ आणि पोट यांतला फरक मुलाच्या हाताला इथे पहिल्यांदा कळतो. पुढे परिमिती आणि क्षेत्रफळ यांत मुलं जी गल्लत करतात, तिची मुळं इथेच असतात. म्हणून या खेळाला एक अख्खी संध्याकाळ द्या, घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी प्रश्न उलटा करा. "एक ते चाळीसपर्यंत कितीचा भरलेला चौरस मांडता येतो?" चार मुलांत आकडे वाटून द्या. त्यांना ४, ९, १६, २५, ३६ सापडतील. एकटा १ चौरस का, यावर भांडू द्या. वाद झाला पाहिजे.

भोपाळकर

+१. पोकळ चौरसाचं वाचून थांबलो. माझ्या मुलानं अगदी हेच केलं होतं आणि मी त्याला "नीट मांड" म्हणून हटकलं होतं.

शब्दवेल्हाळ

ताई, तुमच्या घरातल्या तीन भाषांचाही यात वाटा आहे. मराठीत आकृतीला आपण चौरस म्हणतो आणि संख्येला वर्ग. हिंदीत दोन्हींना वर्गच. इंदुरातला प्लॉटसुद्धा हिंदीत 'वर्गफुटा'त मोजतात आणि आपण घरी 'चौरस फूट' म्हणतो. इंग्रजीतही आकृती आणि संख्या दोन्ही स्क्वेअर. आर्यभटानं तर इ. स. ४९९ मध्ये एकाच ओळीत हे बांधून ठेवलंय. चार बाजू सारख्या असलेली ती आकृती म्हणजे वर्ग, तिचं क्षेत्रफळ म्हणजेही वर्ग आणि दोन सारख्या संख्यांचा गुणाकार म्हणजेही वर्ग.

आपल्या मुलांना मात्र वर्ग म्हटलं की आठवते शाळेतली खोली. तेव्हा काही दिवस बिनधास्त "सहाचा चौरस किती?" असं विचारा. पुस्तकात असं लिहिलेलं नसतं, पण शब्द ऐकला की चित्र उभं राहतं. नंतर हळूच सांगा की सहाच्या चौरसाला गणितात सहाचा वर्ग म्हणतात.

फरशीचं_दुकान

मी मास्तर नाही, धंदेवाला आहे. पण धागा वाचून राहवलं नाही, कारण हीच चूक मी रोज मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकतो.

गिऱ्हाईक येतं. खोली दहा बाय दहा. एक फुटी फरशी घेतली तर शंभर नग, हे त्याला माहीत असतं. मग त्याला दोन बाय दोनची आवडते. "म्हणजे पन्नास लागतील ना?" चांगले शिकलेले लोक असं म्हणतात. लागतात पंचवीस. तुटफूट आणि कापाकापी धरून मी थोड्या जास्त देतो, पण हिशेब पंचवीसचाच. आता मी तोंडानं समजावत नाही. दोन फुटी फरशी जमिनीवर ठेवतो आणि तिच्यावर एक फुटी चार मांडतो. माणूस बघतो आणि स्वतःच म्हणतो, अरे, लांबीलाही दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट.

मुलांना दुकानात घेऊन या, मी दाखवतो. नाहीतर घरी तिळगुळाच्या वड्या पाडताना करा. सुरी निम्म्या अंतरावर चालवली की वड्या दुप्पट होत नाहीत, चौपट होतात.

आणखी एक. आमच्या धंद्यात 'दोन फूट चौरस' आणि 'दोन चौरस फूट' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात चार चौरस फूट जागा झाकते. शब्द तेच, फक्त मागेपुढे. यावरून माझ्या डोळ्यांदेखत भांडणं झालेली आहेत.

बँकेचा_पेपर

सगळ्यांचं पटतंय, पण जरा दुसरी बाजू मांडतो. मी दोन वर्षं स्पर्धा परीक्षांची तयारी केली. तिथे एक ते तीसपर्यंतचे वर्ग तोंडावर नसतील तर वेळ पुरत नाही. २७ × २७ करत बसलात तर संपलं. समज महत्त्वाची आहेच, पण पाठांतराला नावं ठेवू नका. आज कंटाळा करून नाही केलं तर वीस वर्षांचे झाल्यावर करावं लागतं आणि तेव्हा ते फार जड जातं.

ठिपका_ठिपका

बँकेचा_पेपर, नावं कशाला ठेवू? आमची अख्खी पिढी पाढ्यांवर वाढली. पण मराठी पाढ्यातच वर्ग कसे वेगळे वाजतात ते ऐका. चार चोक सोळा, पाचा पाचा पंचवीस, साही साही छत्तीस, साती साती एकोणपन्नास, आठी आठी चौसष्ट, नवी नवी एक्क्याऐंशी, दाही दाही शंभर. प्रत्येक पाढ्यात एका जागी आकडा स्वतःलाच भेटतो आणि तिथे शब्दही जोडीनं येतो. मुलांकडून पाढे म्हणून घ्या आणि ही जोडी आली की टाळी वाजवायला सांगा. बेच्या पाढ्यात टाळी दुसऱ्या ओळीला, तिनाच्या पाढ्यात तिसऱ्या ओळीला. पाठांतर होतं आणि ध्यानही राहतं.

आता माझं खरं सांगायचं ते. ताई, रांगोळी काढता ना? ठिपक्यांची रांगोळी म्हणजे वर्गांचं घरचं पुस्तक आहे. मी नातवंडांना अंगणात बसवून असं करते. आधी एक ठिपका, पांढरा. त्याला डावीकडून आणि वरून वेढा देणारे तीन ठिपके गुलाबी रंगाचे, म्हणजे दोन-दोनचा चौरस झाला. मग बाहेरून पाच ठिपके पिवळे, तीन-तीनचा झाला. मग सात हिरवे. प्रत्येक वेढा काटकोनासारखा, दोन हात आणि एक कोपरा. मुलांना विचारते, "पुढच्या वेढ्याला किती ठिपके लागतील?" आधी मोजतात. चौथ्या-पाचव्या वेढ्याला मोजणं सोडतात आणि म्हणतात, आजी, दर वेळी दोन वाढतात.

१, १ + ३ = ४, १ + ३ + ५ = ९, १ + ३ + ५ + ७ = १६. विषम संख्या ओळीनं मिळवत जा, वर्गच येतात. आणि का येतात ते रंगांत दिसतं. प्रत्येक वेढ्याचे दोन्ही हात एकेकानं लांबतात, म्हणून दोन वाढतात.

दुसरी गंमत, 'एक ते सात ते एक' अशी रांगोळी आपण घालतो. १, २, ३, ४, ५, ६, ७ आणि परत ६, ५, ४, ३, २, १. एकूण ठिपके किती? मुलं बेरीज करत बसतात. मग मी म्हणते, मान तिरकी करून बघा. कोपऱ्यावर उभा राहिलेला सात-सातचा चौरस असतो तो. ४९ ठिपके.

इंदूरची_आई

केवढं दिलंत तुम्ही सगळ्यांनी! चार संध्याकाळी झाल्या, तेवढ्याचं सांगते.

चिंचोक्यांच्या खेळात खडूफळा सरांनी लिहिलं तसंच झालं. पोकळ चौरस माझ्या लेकीनंच मांडला. अंगण भर म्हटल्यावर चार चिंचोके ठेवले, सगळे मिळून मोजले आणि म्हणाली, "मग हे बारा नाही, सोळा खातं." ती पुढचे दोन दिवस "चौरस किती खातो" असंच म्हणत होती. मी तो शब्द बदलला नाही.

मांडता मांडता शेजारच्या एकाला दिसलं की ६ चिंचोक्यांचा, १२ चा, २० चा चौरस होत नाही, पण 'जवळजवळ चौरस' होतो, दोन-तीन, तीन-चार, चार-पाच असा. त्यानं त्यांना 'चुकलेले चौरस' नाव दिलं.

रंगीत वेढे रांगोळीनं काढले. इथे मुलं फार रमली. आठव्या वेढ्यापर्यंत गेली आणि अंगणाची फरशी संपली. "साही साही"च्या टाळीचं काय सांगू, रात्री आठपर्यंत वाड्यात तोच गजर. आजीबाई, तुम्हाला मनापासून नमस्कार.

अडचण एकच आली. आकडे मोठे झाले की चित्र सुटतं. चौदाचा वर्ग विचारला, तर लेकीनं दहाचे शंभर आणि चारचे सोळा मिळवून ११६ सांगितले. तिचं तर्कट मला पटण्यासारखंच वाटलं. समजवायला गेले आणि माझीच बोबडी वळली.

खडूफळा

ताई, ११६ फार चांगली चूक आहे, ती वाया जाऊ देऊ नका. चौकटींच्या वहीत १४ × १४ चा चौरस काढायला सांगा. एका कोपऱ्यात दहा-दहाचा चौरस रंगवा आणि समोरच्या कोपऱ्यात चार-चारचा. म्हणा, "हे तुझे शंभर आणि हे तुझे सोळा. कागद भरला का?" दोन पट्ट्या कोऱ्या राहिलेल्या तिला दिसतील, प्रत्येकी दहा लांब आणि चार रुंद. चाळीस आणि चाळीस. १०० + ४० + ४० + १६ = १९६. पुढे आठवीत हीच गोष्ट अक्षरं घालून येते आणि मुलं 'दोन अ ब' विसरतात. ज्यानं त्या दोन पट्ट्या स्वतः रंगवल्या तो विसरत नाही.

आणि चौदाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत वर्ग शिकवताना मुलांना चारच आकडे विचारले, ९, १४, तीन कमी तीनशे आणि पाच अधिक दहा हजार. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटलं, उगाच कुठलेही घेतले असतील. शिकवत गेलो तेव्हा कळलं की निवड किती नेमकी आहे. ९ पाढ्यातून येतो. १४ फोडावा लागतो, दहा आणि चार. २९७ मध्ये फोड करून बघाल तर दमाल. तिथे त्यांनीच दिलेली दुसरी रीत कामी येते. संख्येत एक सोयीचा आकडा मिळवा, तोच वजा करा, दोन्हींचा गुणाकार करा आणि त्या आकड्याचा वर्ग मिळवा. २९७ मध्ये ३ मिळवले ३००, ३ काढले २९४. ३०० × २९४ = ८८२००, वर ९. झाले ८८२०९. आणि १०००५ मध्ये शून्यं सांभाळायची आहेत, १०,०१,००,०२५.

चौरसाच्या एका बाजूची पट्टी कापून दुसऱ्या बाजूला लावायची आणि कोपऱ्याचा तुकडा उरतो तो मोजायचा, एवढाच त्या रीतीचा अर्थ आहे. कात्री-कागद घेऊन करून बघा.

छोट्या २ ची घाई अजूनही नको. पंधरा दिवस ६ × ६ असंच लिहू द्या. हात दुखायला लागले की मूलच विचारतं, "याला काही छोटं नाही का?" त्या क्षणी तो २ द्या. आणि वाचताना "तीनचा वर्ग" असंच मोठ्यानं वाचायला लावा, म्हणजे बत्तीस होणार नाही.

ठिपका_ठिपका

सर, तुमची पट्टी वाचून मला आमचे एकोणचे आकडे आठवले. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. नावातच सांगितलंय की एक उणा आहे. मुलांना २९ अवघड वाटतो, पण तीसचा चौरस सोपा, ९००. आता रांगोळीतला शेवटचा वेढा पुसायचा. तीसच्या चौरसाचा शेवटचा वेढा म्हणजे ३० आणि २९, कोपरा एकदाच मोजायचा. ९०० − ५९ = ८४१. तसंच एकोणचाळीसचं, १६०० − ७९ = १५२१. एकोणपन्नासचं, २५०० − ९९ = २४०१. नातू आता उलटंही करतो, एकतीस म्हटलं की तीसच्या भोवती ३० आणि ३१ चा वेढा घालतो, ९६१.

इंग्रजी शाळेतल्या मुलांना एकोणचाळीस म्हणजे ३९ की ४९ ते कळत नाही. या खेळानं माझ्या नातीचे ते आकडेही सुधारले.

बँकेचा_पेपर

हे मला कोणी तेव्हा सांगितलं असतं तर! मी ३९ चा वर्ग घोकला होता.

शेवटी पाच असलेल्या आकड्यांची रीत मात्र मला येते. ३५ असेल तर तीनला पुढच्या चारनं गुणायचं, १२, आणि पुढे २५ लिहायचे, १२२५. क्लासमध्ये 'एकाधिकेन पूर्वेण' म्हणून शिकवली होती. पण का चालते ते आज सरांच्या पट्टीवरून करून बघितलं. पस्तीसच्या चौरसातून पाच रुंदीची पट्टी कापली आणि बाजूला लावली. तीस बाय चाळीसचा आयत झाला आणि पाच-पाचचा तुकडा उरला. १२०० आणि २५. इतकी वर्षं वापरतोय, आज दिसलं.

शब्दवेल्हाळ

ताई, लेक सहावीत आहे म्हणालात. एनसीईआरटीचं २०२४ साली आलेलं 'गणित प्रकाश' बघा. पहिलाच धडा आकृतिबंधांचा आहे आणि त्यात विषम संख्यांच्या बेरजेतून वर्ग कसे येतात ते चित्रानं दिलंय, म्हणजे आजींची रांगोळीच. शाळेत दुसरं पुस्तक असलं तरी हा धडा घरी वाचून घ्या.

रात्रीचा_सराफा

मीपण इंदूरचाच, इंजिनिअरिंगला आहे. धाकट्या भावाबरोबर पत्त्यांचा खेळ केला, इथे देतो. १ ते २५ आकडे लिहिलेले कागदाचे तुकडे पालथे मांडायचे. पहिल्या फेरीत सगळे उलटायचे. दुसऱ्या फेरीत दोननं भाग जाणारे उलटायचे, तिसऱ्या फेरीत तीननं भाग जाणारे, असं पंचवीसपर्यंत. शेवटी सुलटे कोण राहतात? १, ४, ९, १६, २५. भाऊ बघतच राहिला.

कारण असं की कुठल्याही आकड्याचे विभाजक जोडीजोडीनं येतात. १२ ला एकबरोबर बारा, दोनबरोबर सहा, तीनबरोबर चार. म्हणून बाराचा तुकडा सहा वेळा उलटतो आणि पालथाच राहतो. १६ मध्ये एक-सोळा, दोन-आठ आणि चारला जोडीदार चारच. पाच वेळा उलटतो. वर्गसंख्या तेवढ्याच विषम वेळा उलटतात.

इंदूरची_आई

पुढचं सांगते. चौदाच्या दोन कोऱ्या पट्ट्या लेकीनं बघितल्या आणि काही न बोलता निळ्या रंगवल्या. मग स्वतःच २३ घेतला. ४०० आणि ९, आणि साठ-साठच्या दोन पट्ट्या, ५२९. गुणाकार करून ताळा पाहिला तेव्हा उडी मारली. फरशीवाल्या दादांकडेही जाऊन आलो. चारही मुलांनी दोन फुटी फरशीवर एक फुटी मांडून पाहिली. दादांनी त्यांना कोडं घातलं, वीस बाय पन्नासचा प्लॉट म्हणजे हजार चौरस फूट, तेवढीच जागा चौरस प्लॉटमध्ये हवी तर बाजू किती? मुलांनी येताना रिक्षात ३१ चे ९६१ आणि ३२ चे १०२४ काढले आणि "हजार चौरसात बसत नाही" असा निकाल दिला.

काल रविवारी छप्पन दुकानला, इथल्या खाऊगल्लीत, गेलो. खाऊन झाल्यावर लेक म्हणाली, "आई, छप्पन्न दुकानं चौरसात मांडता येणार नाहीत. सात रांगांत सात-सात मांडली की सात उरतात. ती उरलेली सात एका बाजूला लावली तर सात-आठचा चुकलेला चौरस होतो." कोणी विचारलेलं नव्हतं. मला तिथेच डोळ्यांत पाणी आलं.

रात्रीचा_सराफा

ताई, तिला सांगा, छप्पन्न अगदी थोडक्यात चुकलाय. वर पाचची रीत आली आहे ना, ७५ चा वर्ग ५६२५. म्हणजे साडेसातचा वर्ग सव्वाछप्पन्न! तिला चौकटींच्या वहीत साडेसात बाजूचा चौरस काढायला लावा.

इंदूरची_आई

काढला. सात-सातची ४९ पूर्ण घरं. उजवीकडे सात अर्धी, खाली सात अर्धी. अर्ध्या-अर्ध्या जोड्या लावून तिनं सात पूर्ण घरं केली, झाली छप्पन्न. कोपऱ्यात एक पाव घर उरलं. बराच वेळ त्या पाव घराकडे बघत होती. मग म्हणाली, "हे पाव काढायला बाजू थोडी कमी घेऊ या."

आज सकाळपासून तेच चाललंय. ७.४ घेतला तर ५४.७६ आले, फार कमी पडले. आता ७.४५ चा गुणाकार सुरू आहे, शेजारचे तिघंही वही घेऊन येऊन बसलेत.